आधी काळी, मग करडी

“तुम्ही… शिकवणी घेता का हो? म्हणजे… ह्याची?”

पूर्वीने विचारलं, आणि ‘ह्याची’ म्हणताना तिचं बोट नेमकं त्या जाडजूड, वळवळत्या पाइपाकडे गेलं. मागे वीस पावलांवर घडीच्या खुर्च्यांत बसलेल्या तिच्या मैत्रिणी, इक्रा आणि अक्षरा, एकमेकींच्या अंगावर कोसळून हसत होत्या. पैज त्यांचीच. कुवेतच्या किनाऱ्यावरच्या कॅरव्हान पार्कमध्ये, गाड्यांच्या टाक्या रिकाम्या करायच्या डम्प पॉइंटवर काम करणाऱ्या त्या मुलाला पूर्वीने जाऊन हा प्रश्न विचारला, तर तिच्या पुढच्या आठवड्यातल्या पहाटेच्या दोन्ही ड्यूट्या इक्रा करणार होती. आणि दोन दिवस सकाळी सातपर्यंत झोपायला मिळावं म्हणून पूर्वी त्या दुपारी कुणालाही काहीही विचारायला तयार होती!

तो मराठी आहे, हे तिघींना मघाशीच कळलं होतं. फोनवर तो सांगत होता, “आई, जेवलो गं… खरंच जेवलो. शपथ.”

आता तो कंबरेवर हात ठेवून सरळ झाला. सावळा, उंच, केसांत वाळू. चेहरा आठवडाभर न झोपल्यासारखा… पण डोळे मात्र अगदी जागे.

“घेतो की,” तो म्हणाला. “पण एक अट आहे. नाकाला रुमाल बांधायचा नाही.”

“का?”

“वास कुठून येतोय ते नाकालाच कळतं. रुमाल बांधणारे लोक नेहमी चुकीचा खटका ओढतात.” मग त्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. “आणि त्या दोघींना सांगा, पैज हरलात म्हणून.”

पूर्वीचे कान तापले. “तुम्हाला काय माहीत पैज आहे ते?”

“शहाणी माणसं इथं आपणहून येत नाहीत हो.”

ती हसली नाही. हसायलासुद्धा थोडी ताकद लागते, आणि तेवढीही तिच्याकडे नव्हती. चोवीस वर्षांची मुलगी, पण थकवा तिच्या अंगात लोणच्यात मीठ मुरावं तसा मुरलेला. हॉस्पिटलात ती एक्स-रे काढायची. पहाटेची ड्यूटी, दुपारची ड्यूटी, कुणी रजेवर गेलं की दोन्ही. घरी आली की आईच्या प्रश्नाला ‘हो’, बाबांच्या प्रश्नाला ‘हो’. ‘नाही’ म्हटलं की पुढे बोलावं लागतं… ‘हो’ म्हटलं की झोपता येतं.

अशाच एका ‘हो’मुळे पुण्याचं स्थळ घरापर्यंत आलं होतं. आलोक. फोनवर दोनदा बोलणं झालं. माणूस चांगला. तक्रारीला जागाच नाही. फक्त दोन्ही वेळा बोलता बोलता पूर्वीला जांभई आली. मार्चअखेर नक्की कळवतो, असा शब्द बाबांनी दिला होता. आणि लेक लग्न होऊन जाण्याआधी एक हिवाळा तरी तिघांनी एकत्र काढावा म्हणून बँकेत वीस वर्षं मान खाली घालून बसलेल्या त्या माणसाने चक्क मोटरहोम घेतलं होतं. कोरं करकरीत! पलंग, शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, सगळं गाडीत.

पण संडासाच्या टाकीतलं पुढे कुठे जातं, हा विचार तिघांपैकी कुणीच केला नव्हता. तिसऱ्या शुक्रवारी डॅशबोर्डवर टाकी भरल्याचा लाल दिवा लागला, तो विझेना. बाबांनी चार व्हिडिओ पाहिले. आईने उदबत्ती लावली.

“गाडी आणा इकडे,” मुलगा म्हणाला. “आणि तुमचे घरचे असतील तर त्यांनाही आणा. एकदाच सांगतो.”

बाबा आले ते डायरी आणि पेन घेऊन. “मी सुधीर. ही माझी मिसेस, अर्चना. आम्ही सकाळी एकदा प्रयत्न केला होता. आधी सिंकचं पाणी सोडलं, मग त्या… दुसऱ्या टाकीचं.”

“उलटं केलंत काका.”

“उलटं कसं?” आई पुढे झाली. “देवाची भांडी आधी घासतात, खरकटी मागून. स्वच्छ ते आधीच की!”

“घरात बरोबर आहे काकू. इथं आधी काळी, मग करडी. काळी म्हणजे संडासाची टाकी. करडी म्हणजे भांडी-आंघोळीच्या पाण्याची. काळीच्या मागून करडी सोडली, की ते साबणाचं पाणी जाता जाता पाइप धुऊन टाकतं. तुम्ही धुतलेल्या पाइपातून पुन्हा घाण सोडलीत.”

बाबांनी डायरीत लिहिलं: आधी काळी, मग करडी. खाली दोन रेघा ओढल्या.

मुलाने हातमोजे चढवले, पाइप जोडला, काळ्या टाकीचा खटका ओढला. सगळ्यांनी श्वास रोखले…

दोन थेंब. बस्स.

तो खाली वाकला, पाइपाला कान लावला, आणि मग फार सांभाळून विचारलं, “काकू, फ्लश करताना पाणी किती घालता?”

“अर्धा मग.” आईची मान ताठ झाली. “गाडीतलं पाणी संपलं तर वाळवंटात कुठून आणायचं? मी लातूरची आहे. आमच्याकडं नळाला दहा-दहा दिवसांनी पाणी यायचं. थेंब वाया घालवला नाही मी कधी. ह्यांनाबी घालू दिला नाही.”

इक्रा आणि अक्षरा तिकडे तोंडात ओढणी कोंबत होत्या. पूर्वीला वाटलं, आता हाही हसणार. हसला नाही. पूर्वीने त्याच्याकडे नीट पाहिलं ते तेव्हा. पहिल्यांदा.

“पाणी जपणारं माणूस मला आवडतं,” तो म्हणाला. “मी चिपळूणचा. आमच्याकडे इतकं पाणी, की जपायची कुणाला आठवणच होत नाही. पण काकू, ह्या टाकीला पाणी नसलं की सगळं तळाला बसतं, वाळतं, त्याचा ढीग होतो. अर्धा मग नाही… निदान अर्धी बादली. आणि रिकामी केल्यावर दोन बादल्या पाणी आत टाकूनच ठेवायचं.”

“दोन बादल्या!” आईने छातीवर हात ठेवला.

उपाय मात्र गमतीचा होता. टाकीत चार बादल्या पाणी आणि दोन पिशव्या बर्फ ओतायचा, आणि गाडी किनाऱ्याच्या रस्त्याने दचके देत फिरवायची. आत बर्फ घुसळतो, ढीग फुटतो. “फक्त कुणीतरी बाथरूममध्ये बसून आवाज ऐकायला हवा.”

“मी ऐकतो!” बाबा इतक्या उत्साहाने म्हणाले, जणू त्यांना रेडिओ केंद्रावर बोलावलं होतं. मग गाडी चालवायला पूर्वीच उरली. शेजारच्या सीटवर तो. दाराशी उभी राहून आई बजावत होती, “सावकाश चालव गं, आधीच पेंगायलीस तू.”

डावीकडे समुद्र, उजवीकडे मळक्या रंगाचं वाळवंट, आणि मध्ये ते अवाढव्य धूड.

“ब्रेक,” तो म्हणाला.

तिने दाबला. मागून बाबांचा आवाज आला, “हललं! जरासं हललं!”

“नाव काय तुमचं?” तिने विचारलं.

“लक्ष्मीकांत.”

“एवढं मोठं?”

“आजोबांचं आहे. वापरून वापरून मऊ झालंय. ब्रेक.”

“काहीच नाही!” बाबा ओरडले.

“आणि तुम्ही दिवसभर काय करता? इतकं दमायला होईल असं?”

“एक्स-रे काढते. हलू नका, श्वास रोखा… सोडा. हलू नका, श्वास रोखा… सोडा. दिवसातून शंभर वेळा.”

“आणि तुम्हाला कोण सांगतं?”

“काय?”

“सोडा म्हणून.”

पूर्वीने त्याच्याकडे पाहिलं. तो सरळ समोर रस्ता बघत होता, जणू काही बोललाच नव्हता. गाडीच्या काचेवर पावसाचे चार थेंब पडले. कुवेतचा पाऊस, धुळीचे ठिपके उठवून लगेच दमणारा… तिच्यासारखाच. ती थेंब बघत राहिली आणि—

“ब्रेक! ब्रेक!”

समोरच्या मोठ्या जीपपासून दोन हातांवर गाडी थांबली. मागे बाथरूममध्ये काहीतरी धडपडलं, आणि मग बाबांचा आनंदाने चिरकलेला आवाज आला: “फुटलं! पूर्वी, फुटलं गं! घळाघळा वाजतंय!”

आणि मग पूर्वी हसली. स्टिअरिंगवर डोकं टेकून, पाणी येईपर्यंत डोळ्यांतून. शेवटची कधी अशी हसली होती, तिला आठवेना. लक्ष्मीकांतने समोरच्या खोक्यातला एक टिश्यू काढून तिच्यापुढे धरला… मागून हॉर्न वाजत असतानाही, अगदी घाई नसल्यासारखा.

परत आल्यावर काळी रिकामी झाली, मग करडी. पाइपाच्या तोंडाशी एक पारदर्शक तुकडा होता; त्यातून आधी गढूळ, मग फेसाळ, मग निव्वळ पाणी जाताना दिसलं. लाल दिवा विझला. आईने खुश होऊन सगळ्यांना चहा केला. घरच्यांना आणि मैत्रिणींना स्टीलच्या कपांत. लक्ष्मीकांतला कागदी कपात.

पूर्वीच्या ते लक्षात आलं. त्याच्याही आलं असणार. “छान झालाय काकू,” म्हणून त्याने तो उभ्या उभ्याच संपवला.

*

मग शुक्रवार येत राहिले. आई-बाबा गुरुवारी संध्याकाळी मोटरहोम घेऊन पार्कला जायचे. ड्यूटी संपली की पूर्वी फिंतासच्या घरून इक्राच्या गाडीने मागून पोचायची, आणि शुक्रवारी साडेतीनला डम्प पॉइंटवर हजर व्हायची. घरच्यांनी टाकीचं खातं तिच्याकडे सोपवून टाकलं होतं आणि तिने, कसं कोण जाणे, तेही हूं की चूं न करता घेतलं होतं.

“पाइप पहिल्यांदा कुठे जोडायचा?”

“गाडीला. मग जमिनीत.”

“खटका कधी ओढायचा?”

“दोन्ही बाजू दोनदा ओढून बघितल्यावर.”

“आणि टाकी पाव भरली असेल तर?”

“ओढायचाच नाही. दोन तृतीयांश होईपर्यंत थांबायचं. जोर हवा म्हणून.”

“शाब्बास. तुम्हाला प्रमाणपत्र देऊन टाकतो.”

“फोटोसकट?”

“फोटो तुम्हीच काढा. तुमच्या मशीनवर. आत काय चाललंय तेही कळेल एकदाचं…”

असं काहीतरी तो बोलायचा आणि लगेच पाइप गुंडाळायला वळायचा. त्याच्याही कामाचे सहा दिवस शुवैखच्या वर्कशॉपमध्ये जायचे, सातवा इथं. मंगफला एका खोलीत पाच जणांत राहायचा. “शुक्रवारी खोलीवर पडून राहिलं तर जास्त दमायला होतं,” एकदा म्हणाला. दोघं डम्प पॉइंटच्या कट्ट्यावर बसलेले, हातमोजे उन्हात वाळत घातलेले. बोलणं संपलं तरी कुणी उठलं नाही. समोर समुद्र नुसता चकाकत होता. दोन थकलेली माणसं शेजारी शेजारी गप्प बसली की त्यात इतकं बरं वाटू शकतं, हे पूर्वीला नवीनच होतं.

“पूर्वी,” तो म्हणाला. एरवीसारखं मॅडम नाही. पहिल्यांदाच नुसतं पूर्वी.

“हं?”

“काही नाही. म्हणून बघितलं.”

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तिने सगळं एकटीने केलं. लक्ष्मीकांत चार पावलांवर हाताची घडी घालून उभा. काळी, मग करडी, मग पाइप धुणं, मग आत दोन बादल्या पाणी. एक थेंब इकडचा तिकडे नाही! बाबांनी तर टाळ्याच वाजवल्या. आई ट्रे घेऊन आली. तीन स्टीलचे कप, एक कागदी.

पूर्वीने हातमोजे काढले, हात खसाखसा धुतले, आणि कागदी कप उचलला.

“अगं, तो त्याचा आहे.”

“टाकी आज मी रिकामी केलीये आई,” पूर्वी म्हणाली. आवाज चढवला नाही. “म्हणजे हा माझा.”

बाबांनी चहाकडे पाहिलं. आईने ट्रेकडे. ट्रेवर पूर्वीचा स्टीलचा कप तसाच वाफाळत राहिला. शेवटी लक्ष्मीकांतच पुढे आला. त्याने तो कप दोन्ही हातांनी उचलला, एक घोट घेतला.

“वेलदोडा घातलाय ना काकू? माझी आईही घालते.”

“थोडा जास्तच पडलाय आज,” आई पुटपुटली आणि आत गेली. बराच वेळ नळ वाहत होता. आईच्या हातून इतकं पाणी वाहताना पूर्वीने कधी ऐकलं नव्हतं.

“भांडलात तुम्ही,” लक्ष्मीकांत हळूच म्हणाला.

“मी? मला भांडायला येतच नाही. दमते मी.”

“आज नाही दमलात.”

खरंच की! पूर्वीने मनातल्या मनात चाचपून पाहिलं. दम लागला होता. पण तो जिना चढल्यावर लागतो तसा.

पुढच्या शुक्रवारी ट्रेवर चारही कप स्टीलचे होते. आईने लक्ष्मीकांतला विचारलं, “भाऊ-बहिणी किती म्हणालास तुला?”

*

मार्चचा दुसरा आठवडा. ऊन चटके द्यायला लागलेलं, वाळवंटातले तंबू एकेक करून उतरत होते. हंगाम संपला होता.

टाकी रिकामी झाली. आता पाइप गुंडाळायचा होता, पण दोघंही ते काम लांबवत होते.

“पुढच्या शुक्रवारी मी नसेन,” तो म्हणाला. “इथलं बंद. आता थेट नोव्हेंबरमध्ये.”

“आम्हीही नसू.” तिने पाइपाचं टोक हातात घट्ट धरलं होतं. “नोव्हेंबरमध्ये मी बहुतेक… पुण्यात असेन. एक स्थळ आहे. ह्या महिनाअखेर कळवायचंय.”

वाऱ्याने वाळूची एक रेघ त्यांच्या बुटांवरून नेली.

“कसा आहे मुलगा?”

“चांगला.”

“मग… चांगलंच आहे की.” त्याने पाइप ओढला. तिने सोडला नाही. “पूर्वी, सोडा.”

“एवढंच? चांगलंच आहे, एवढंच?”

“मी काय बोलणार? तुमचे बाबा बँकेत. मी हा असा. पाच माणसांत एक खिडकी आहे मला.” तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलताना थकलेला दिसला. “शुक्रवारची वाट तर कुवेतमध्ये सगळेच बघतात हो. मी साडेतीनची बघायचो. दोनपासून हात धुऊन बसायचो. टाकीवाला माणूस, काम सुरू व्हायच्या आधी हात धुतोय… पार्कातले लोक हसायचे मला.”

पूर्वीने पाइप आपल्याकडे ओढला.

“त्याच्याशी बोलताना मला जांभई येते,” ती म्हणाली. “पंधरा मिनिटांत दोनदा. मला वाटायचं, मीच अशी आहे. दमलेली. कुणाशीही बोलले तरी येणारच. पण तीन महिने मी इथं दर शुक्रवारी ह्या वासात उभी राहते, लक्ष्मीकांत, ड्यूटी करून, चार-पाच तास झोपून… आणि एकदाही नाही आली.”

तो हसला. डोळे भरलेले, तरी हसला. “ही कुणी कुणाला सांगायची गोष्ट आहे का?”

“आहे. माझ्याकडे हीच आहे.” तिने पाइप खाली ठेवला. “मला तुमच्याबरोबर राहायचंय. दमून घरी आले की तुम्ही असायला हवात. तुम्ही दमून आलात की मी. करायचं का लग्न?”

“तुम्ही… हे मी विचारायला हवं होतं.”

“तुम्ही विचारलं नसतंत. मला भलं मोठं मन दाखवत पुण्याला पाठवलं असतंत.”

“पाठवलं असतं,” त्याने कबूल केलं. मग हातमोजे काढले. सावकाश, एक एक बोट. आणि उघडा तळवा तिच्यापुढे धरला. “पण जीव नसता लागला कशात. हो. करायचं.”

तिने त्याच्या हातात हात ठेवला. घट्टे पडलेला, साबणाचा वास येणारा हात. दोघं तसेच उभे राहिले, पार्कचा रखवालदार यूनुस लांबून “बंद करतोय हं!” असं हिंदीत ओरडेपर्यंत.

*

परतताना बाबा गाडी चालवत होते. ऊन उतरलं होतं, मीना अल-अहमदीच्या बाजूचं आकाश तांबूस दिसत होतं. आई पुढच्या सीटवर फोन बघत बसलेली.

“आलोकच्या आईंचा मेसेज आलाय,” ती म्हणाली. “काय ठरलं म्हणायल्यात. पूर्वे, झोपलीस का? काय लिहू, हो ना?”

एरवी पूर्वी मागच्या पलंगावरूनच उत्तर द्यायची, डोळे मिटून. आज ती उठली. चालत्या गाडीत तोल सावरत पुढे आली, दोघांच्या सीटना धरून मधोमध उभी राहिली.

“तू काही लिहू नकोस आई. आलोकना मी स्वतः फोन करते. उद्याच. चांगले आहेत ते, त्यांना नीट ‘नाही’ मिळायला हवं.”

“नाही?” आई वळली. “अगं, तूच तर हो म्हणाली होतीस!”

“मी सगळ्यालाच हो म्हणत होते. झोप यायची म्हणून.”

बाबांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. मग दिवा लावून गाडी उजवीकडे घेतली आणि रस्त्याच्या कडेला थांबवली. इंजिन बंद केलं.

“बोल,” बाबा म्हणाले.

पूर्वीने सीटांवरची पकड सोडली.

“मी लक्ष्मीकांतशी लग्न करणार आहे. मीच विचारलं त्याला, तो हो म्हणालाय. तुम्ही चिपळूणला जाऊन या, त्याच्या घरच्यांना भेटा, हवं ते विचारा, हवे तितके दिवस रागवा. मी थांबेन. पण आई, बाबा… मी तुमची परवानगी मागायला उठून आलेली नाही. माझं ठरलंय, ते सांगायला आलेय.”